तिवईची थरथर

लाँग एक्स्पोजरच्या निसर्गचित्रात शटर एखाद्या सेकंदापासून काही मिनिटांपर्यंत उघडे असते. दिवसाउजेडी १/६० सेकंदात होणारे चित्र प्रकाश अडवणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावताच सुमारे १७ सेकंद घेते. तेवढ्या वेळात पाण्याने वाहायचे असते, कातळाने जागचे हलायचे नसते. कॅमेरा केसभर सरकला तरी कातळही पाण्यासारखाच मऊ दिसू लागतो. म्हणून कॅमेरा तिवईवर, म्हणजे ट्रायपॉडवर, बसवतात.

उंचसखल जमिनीवर तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, हे चुलीसाठी तीन दगड मांडणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण डुगडुग वेगळी आणि थरथर वेगळी. डुगडुग कोणत्याही ट्रायपॉडमध्ये नसते. थरथर मात्र स्वस्तातल्या बहुतेकांत असते, आणि खोक्यावर छापलेल्या किलोंच्या आकड्यावरून ती कळत नाही. हा आकडा काढण्याची सर्व कंपन्यांची मिळून एक रीत नाही. ट्रायपॉड किती ओझ्याखाली बसत नाही, एवढाच त्याचा साधारण अर्थ.

थरथर ठरते पायांच्या नळ्यांवर. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर ती वाकवणे सुमारे आठपट अवघड होते. लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराने ती आठपट वाकते. म्हणून ट्रायपॉड पाहताना नजर आधी सगळ्यांत खालच्या नळीवर जावी. पाच खणांचा प्रवासी ट्रायपॉड पिशवीत छान मावतो, पण त्याची शेवटची नळी पेन्सिलीची बहीण असते. तीन खणांचा ट्रायपॉड लांबडा आणि बसमध्ये गैरसोयीचा. पण सांधे कमी, म्हणून ढिलाईही कमी. मधला दांडा वर चढवला की तीन पायांचा फायदा संपतो आणि कॅमेरा एका काठीवर येतो. दांडा नसलेला ट्रायपॉड मिळाला तर उत्तमच. उंची मात्र फार आखडू नये: सह्याद्रीच्या उतारावर एक पाय बराच खाली सोडावा लागतो.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर, हा वाद खरे तर पाठीचा आणि खिशाचा आहे. कार्बन हलके असते आणि थरथर लवकर जिरवते. पण किंमत बरीच जास्त, आणि खडकावर टोकदार मार बसला तर तडकण्याचा धोका. ॲल्युमिनियमला पोचे पडतात, तरी ते काम देत राहते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापर्यंत चढून जाणाऱ्याने कार्बनसाठी पैसे साठवावेत. गाडी किनाऱ्यालगत नेणाऱ्याने जड ॲल्युमिनियम घ्यावे आणि त्याबद्दल मुळीच लाजू नये.

ट्रायपॉडच्या डोक्यासाठी, म्हणजे कॅमेरा बसतो त्या भागासाठी, बॉल हेड पुरते. कॅमेरा लावून चौकट ठरवावी, स्क्रू आवळावा आणि हात सोडावा. चौकट जराही खाली झुकली, तर ते हेड घेऊ नये.

कोकणच्या किनाऱ्यावर ट्रायपॉडची खरी परीक्षा होते. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि शटर उघडे असतानाच कॅमेरा कलतो. म्हणून एकेक पाय आणखी रुतेनासा होईपर्यंत दाबून बसवावा लागतो. पाण्यात उभे राहायचे तर खालचा खण आधी पूर्ण उघडावा, म्हणजे सांधा पाण्याच्या वर राहतो. खाऱ्या पाण्यातली वाळू सांध्यात शिरली की आवळताना करकर ऐकू येते. त्याच रात्री पाय गोड्या पाण्याने धुवावेत. फिरकीचे सांधे उघडून साफ करावेत. ओल्या, शेवाळलेल्या खडकावर रबरी बूड घसरते. तिथे लोखंडी टोके लागतात.

कड्यावरचा वारा निराळा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. मधल्या आकड्याला पिशवी टांगण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण अधांतरी झुलणारी पिशवी स्वतःच ट्रायपॉड हलवते. तिचे बूड जमिनीला टेकलेले हवे. फडफडणारा कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा, आणि बटण बोटाने न दाबता रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरावा.

विकत घेण्याआधी ट्रायपॉड पूर्ण उंचीला उघडावा, आपलाच कॅमेरा आणि आपली सगळ्यांत लांब लेन्स लावावी, पडद्यावरचे चित्र दहापट मोठे करावे आणि पायावर टिचकी मारावी. चित्र एक-दोन सेकंदांत शांत व्हायला हवे. दुकानदार टिचकी मारू देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.