पाचर

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस नीरज चोप्राच्या भाल्यासाठी सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याच दिवशी सकाळी, भाला उडायच्या कितीतरी तास आधी, गोल्फचा 'ग'सुद्धा ठाऊक नसलेली हजारो माणसे आपल्या देशात टीव्हीपुढे बसून गोल्फ पाहत होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. अखेर एका फटक्याने पदक हुकले आणि ती चौथी आली. बेंगळुरूची ही मुलगी, आणि तिची पिशवी वाहणारी कॅडी होती तिची स्वतःची आई!

त्या सामन्यात एक गोष्ट अडाण्यालाही दिसत होती. पहिल्या फटक्याला अदितीचा चेंडू इतर मुलींच्या बराच मागे पडायचा. आणि होल जवळ आला की ती पुन्हा त्यांच्या बरोबरीला यायची. कारण गोल्फचा हिशेब मोठा मजेशीर आहे. अडीचशे यार्ड उडालेला चेंडू म्हणजे एक फटका, आणि होलाच्या तोंडाशी थांबलेल्या चेंडूला दिलेला हलका धक्का म्हणजेही एकच फटका. ताकदीला जास्त गुण नाहीत.

शेवटच्या शंभरेक यार्डांतल्या या खेळाला शॉर्ट गेम म्हणतात, आणि त्याची मुख्य हत्यारे म्हणजे वेज. वेज म्हणजे आपली पाचर. लाकूड फोडताना फटीत ठोकतात ती. मराठीत पाचरीचे नाव तसे बदनामच आहे. कुणाचे काम चांगले चाललेले असले की कोणीतरी मध्येच पाचर मारतो. गोल्फमधली पाचर मात्र उपकारी. ती चेंडूच्या बुडाशी शिरते आणि त्याला अलगद वर उचलून देते.

आता या पाचरी निवडायच्या कशा? खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात, त्यामुळे प्रत्येक काठी मोजून मापून घ्यावी लागते. वेजच्या पात्याचा कल अंशांत सांगतात, त्याला म्हणतात लॉफ्ट. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांची, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५८ आणि लॉब वेज ६० च्या आसपास. कल जितका जास्त तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. जाणकार सांगतात की आधी आपली पिचिंग वेज किती अंशांची आहे ते बघा आणि तिथून चार-सहा अंशांच्या पायऱ्या करत जा. ती ४६ ची असेल तर पुढची ५२ ची आणि त्यापुढची ५८ ची घेतली की जिना नीट लागतो. मधली पायरी गाळली की नेमक्या त्याच अंतरावर अर्धवट जोराने मारावे लागते, आणि अर्धवट जोराचा फटका हा सगळ्यांत अवघड.

वापरण्याची रीतही साधी आहे. चेंडू आणि होल यांच्यामध्ये मोकळी हिरवळ असेल तर कमी कलाची काठी घ्यावी आणि चेंडूला लवकर जमिनीवर आणून घरंगळू द्यावे. मध्ये वाळूचा खड्डा असेल तरच उंच उडवावे. शरीराचा भार पुढच्या पायावर, हात किंचित पुढे, आणि पाते आधी चेंडूला लागून मग मातीला लागले पाहिजे. वाळूत मात्र सगळे उलटे! तिथे चेंडूच्या दोनेक इंच मागे वाळूतच मारायचे असते. पाते चेंडूला शिवतही नाही. वाळूची लाट उठते आणि तीच चेंडूला बाहेर घेऊन येते.

पण माझ्यासारख्या गोल्फ न खेळणाऱ्या माणसाचे लक्ष लॉफ्टपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने वेधून घेतले. वेजला तळवा असतो. त्या तळव्याची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली असते, आणि तिचा जो कोन होतो त्याला बाऊन्स म्हणतात. या फुगीर तळव्यामुळे पाते मातीत रुतत नाही, होडीसारखे वरून सरकत जाते. याचे श्रेय सहसा जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूला देतात. त्याने नायब्लिक नावाच्या जुन्या काठीच्या तळाला जादा धातू जोडला आणि १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली. विमानाच्या शेपटीची हालचाल पाहून आपल्याला ही युक्ती सुचली, असे तो सांगायचा. मला मोलाची वाटते ती दुसरीच हकीकत. सॅराझेन हा इटलीहून आलेल्या सुताराचा मुलगा, आणि लहानपणी लोकांच्या पिशव्या वाहणारा कॅडी. सुताराच्या पोराने पाचर सुधारली, यात नवल ते काय!

बाऊन्स किती घ्यावा हे ठरते जमिनीवरून. जमीन भुसभुशीत, ओली, वाळू खोल असेल तर दहा अंशांच्या वरचा बाऊन्स. जमीन कडक, गवत आखूड असेल तर चार-सहा अंश पुरे, कारण कडक जमिनीवर फुगीर तळवा उसळी खातो आणि धार थेट चेंडूच्या पोटात बसते. आपल्या गोव्याचाच विचार करा. वैशाखातला सडा म्हणजे चिऱ्याची लादी, तिथे पाते आपटले तर ठिणगी उडावी. तीच जमीन आषाढात हिरवीगार आणि पाण्याने चबचबीत. किनाऱ्यावर तर बाराही महिने रेतीच. एकाच तालुक्यात तीन पाचरी लागतील.

ही गोष्ट पुस्तकात वाचली तेव्हा नुसती कळली होती. डोळ्यांनी दिसली ती गोव्यापासून खूप दूर, जामसांवलीला. नागपूरला एका सोयरिकीच्या निमित्ताने जाणे झाले, तेव्हा छिंदवाड्याच्या रस्त्याने तिथल्या हनुमानाच्या दर्शनाला गेलो. हा हनुमान उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. सौंसर तालुक्यातले हे गाव मध्य प्रदेशात असले तरी बोली मराठी कानावर पडते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यात आता ते मोडते. आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि कापसाची काळी माती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की चपलेला सोडत नाही.

आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. देवळापासून जरा लांब मोकळ्या जागेत चार पोरे गिल्ली-दांडू खेळत होती. आमचा कोयंडो-बाल तो हाच. एका पोराने खिशातून एक गिल्ली काढली, पायाच्या अंगठ्याने माती दाबून पाहिली, ती परत खिशात टाकली आणि दुसरी काढली. मी विचारले, "का रे, ती का नको?"

"ते बारीक टोकाची हाय ना काका. गिल्ल्या मातीत धसते. हे जाड टोकाची उडते."

दहा-अकरा वर्षांचे पोर. गोल्फची काठी त्याने जन्मात पाहिली नसेल. पण बाऊन्स म्हणजे काय ते त्याला पक्के ठाऊक होते, आणि ते कळायला त्याला पायाचा अंगठा पुरला.

जमिनीचे हे ज्ञान गोल्फच्या मैदानावरही असते. बहुतेक वेळा ते कॅडीजवळ असते. रोज तेच मैदान तो पायांनी मोजतो. कुठे दव उशिरा सुकते, कुठल्या खड्ड्यातली वाळू पातळ आहे, कुठल्या हिरवळीचा उतार डोळ्याला फसवतो, हे त्याला माहीत असते. तो योग्य ती काठी काढून पुढे करतो, साहेब ती घेतात किंवा दुसरीच मागतात. फटका चांगला बसला तर साहेबांचा! आम्हा कारकुनांना हे नाते नव्याने समजावून सांगायला नको. टिपणी आपण लिहायची, खाली सही वरच्याची. कॅडीला निदान चेंडू कुठे पडला ते दिसते तरी.

मुंबईत चेंबूरला १९२७ सालचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली माणसे आणि मुले तिथे कॅडीचे काम करत आली. आत पिशवी वाहायची, आणि बाहेर आले की आपल्या वस्तीत आपला गोल्फ मांडायचा. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी केली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, गल्लीबोळात होल केले. पत्र्यांवरून, गटारांवरून चेंडू उडवायचा. 'स्लम गोल्फ' या नावाने त्याची छायाचित्रे जगभर गेली, आणि २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच नावाची मालिकाही केली.

मला त्या वाकवलेल्या सळईचे फार अप्रूप वाटते. अरुंद गल्लीत अडीचशे यार्डांचा फटका मारणार कुठे? तो खेळ जवळपास सगळाच शॉर्ट गेम. पिशवी नाही, १४ काठ्या नाहीत, दुकानात जाऊन अंश निवडणे नाही. सळई किती वाकवायची हे पोराने आपल्या गल्लीची फरशी बघून ठरवायचे. सॅराझेनने जे केले तेच. फरक एवढाच की सॅराझेनला पुढे मैदानात उतरायला मिळाले. आपल्याकडेही उदाहरण आहे. दिल्लीचा अली शेर कॅडीच्या कामातून वर आला आणि १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. पण अशी संधी सगळ्यांना मिळत नाही, आणि त्याचे कारण या पोरांच्या हातात नाही. कारण आहे कुंपण.

आपल्या गोव्यात तर गोल्फ हा शब्द खेळाच्या पानावर क्वचितच येतो. काणकोणला राजबागेत आणि मोबोरला मैदाने आहेत, ती पंचतारांकित हॉटेलांची. बाकी गोल्फ म्हटले की आपल्याला आठवते ते तेरेखोल, तिथल्या कुळांच्या जमिनी, गावकऱ्यांचे आंदोलन आणि कोर्टकचेऱ्या. म्हणून आपल्यातल्या पुष्कळांना हा खेळच नकोसा वाटतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. पाण्याची आणि जमिनीची भूक मोठी असलेला खेळ आहे हा.

पण त्या रागात एक गोष्ट हरवू नये. खेळ म्हणून गोल्फ खेळाडूकडे पहिली मागणी करतो ती हीच की, काठी उचलण्यापूर्वी पायाखालची जमीन ओळख. आणि तेरेखोलच्या डोंगरावर कुठे खडक लागतो, कुठे पाणी मुरते, पहिल्या पावसात कुठली वाट निसरडी होते, हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा तिथे काजू वेचणाऱ्या बायांना जास्त ठाऊक. उद्या कुठल्याही गावात कोणी कसलाही नकाशा घेऊन आला, तर त्याने आधी त्यांना विचारावे. विचारायला फारसा वेळ लागत नाही. जामसांवलीच्या त्या पोराने मला एका वाक्यात सांगितले होते.