ब्रेकची उष्णता जाते कुठे?

फॉर्म्युला वनची शर्यत टीव्हीवर पाहताना माझी नजर पहिल्या नंबरच्या गाडीवर फार वेळ टिकत नाही. लांब सरळ रस्ता संपून वळण येतं, तेव्हा कधी कधी चाकाच्या आत एक लालभडक कडं उजळतं आणि थोड्या वेळात विझतं. ती ब्रेकची डिस्क. मी तिची वाट पाहत असतो.

ब्रेक दाबला की वेग संपतो, असं आपण म्हणतो. खरं तर वेग संपत नाही, त्याची उष्णता होते. चालकासह सुमारे ८०० किलोची गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर आणायची, तर जवळजवळ २५ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत सात-आठ लिटर पाणी उकळेल. आणि हे सगळं दोनेक सेकंदांत. काही वाटा समोरची हवा अडवून घेते, काही मागच्या चाकांना जोडलेली विजेची मोटर बॅटरीसाठी घेते. उरलेलं डिस्कच्या अंगावर येतं.

ही डिस्क कार्बनची असते. थंड असली तर ती नीट पकडत नाही. साधारण ४०० अंशांपासून पुढे ती खरी कामाला लागते आणि १००० अंशांपर्यंत जाते. त्याच्यावर फार वेळ राहिली, तर हवेतला ऑक्सिजन कार्बनला खाऊ लागतो. म्हणजे जी हवा तिला वाचवते, तीच तिला झिजवतेही.

चाकाच्या आतल्या बाजूला हवा पकडणारं एक तोंड असतं. तिथून हवा डिस्कच्या मध्यापर्यंत पोचते. डिस्कच्या जाडीतून आरपार, मध्यापासून कडेपर्यंत, हजाराहून जास्त बारीक भोकं पाडलेली असतात. डिस्क फिरते तशी ती आतली हवा बाहेर फेकते, पंपासारखी, आणि मागून नवी हवा ओढली जाते. भोकं जितकी जास्त, तितका हवेला चाटायला मिळणारा पृष्ठभाग जास्त.

मग तोंड मोठं का करत नाहीत? कारण आत घेतलेली प्रत्येक झुळूक गाडीला मागे खेचते. मोठं तोंड म्हणजे सरळ रस्त्यावर कमी वेग. म्हणून प्रत्येक सर्किटसाठी वेगळा हिशेब होतो. मोन्झाच्या लांब सरळ रस्त्यांवर डिस्क निवायला वेळ मिळतो. मोनॅकोच्या गल्ल्यांत वेगच कमी, त्यामुळे वाराही कमी.

हा हिशेब चुकला तर काय होतं, ते ८ जून २०१४ ला मॉन्ट्रियलमध्ये दिसलं. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मर्सिडीजच्या दोन्ही गाड्यांची ती विजेची मोटर शर्यतीच्या मध्यावर बंद पडली. मोटर वाटा उचलते म्हणून त्या वर्षी मागचे ब्रेक लहान ठेवलेले होते. आता सगळा भार त्यांच्यावर आला. हॅमिल्टनचे मागचे ब्रेक गेले आणि त्याला गाडी आत घ्यावी लागली. रॉसबर्गने तशाच अवस्थेत गाडी जपत दुसरा नंबर राखला. रिकार्डोने फॉर्म्युला वनमधली आपली पहिली शर्यत जिंकली.

ते पाहताना मला माझे मामू आठवले. त्यांनी बरीच वर्षं कोल्हापूर-मुंबई ट्रक चालवला. बोरघाट उतरताना डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करत, त्यांच्यावर मामू फार चिडत. "इंजिनाने धरायचं ते ब्रेकवर टाकलंस, तर ब्रेक किती वेळ धरणार?" ते म्हणत. लायनर जळल्याचा वास आला की उशीर झालेला असतो, हेही त्यांनीच सांगितलेलं. ट्रकचा ड्रम आणि शर्यतीची कार्बन डिस्क यांची किंमत आणि घडण अगदी वेगळी. पण दोन्हीकडे प्रश्न तोच, की उष्णता तयार होते त्या वेगाने बाहेर जाते का? शर्यतीत हे पाहायला तापमापक आणि इंजिनिअर असतात. घाटात ड्रायव्हर एकटा असतो, मागे पंधरा-वीस टन माल घेऊन.

म्हणून आता घाटात पुढचा ट्रक लहान गिअरमध्ये रांगत उतरत असला, तर मी हॉर्न वाजवत नाही. त्याचे ब्रेक गार राहत असतात.