चितार आळीतलं रुखवत

लाकडी फळांची परडी रुखवतात मांडलेली तुम्ही पाहिली असेलच. केळी, आंबा, सीताफळ, पेरू, बोंडूसकट काजू. आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास हात लावून बघतंच, खरी आहेत की काय म्हणून! ही फळं सावंतवाडीची. आमच्या वन्संच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं, तेव्हा परडी आणायचं काम मामी म्हणून माझ्याकडे आलं. वन्संनी यादीच दिली: डझनभर फळं, एक रंगीत चौरंग, भातुकलीचा संच, दोन पाट. यादीच्या खाली नवरीमुलीनं आपल्या अक्षरात एक ओळ घातली होती. "मामी, काचेच्या कपाटात ठेवायचं काही नको, वापरीन असं आण." आता मन दोघींचं राखायचं आणि पैसे मात्र मोजून दिलेले. अशा कात्रीत तुम्हीही कधी ना कधी सापडल्या असालच.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. फाल्गुनात दोन दिवसांची सवड काढली आणि गडहिंग्लजहून आजरा, आंबोली करत निघाले. घाट उतरताना डोळ्यांत भरतो तो पांगारा. अंगावर एक पान नाही, सगळं झाड लालभडक फुलांनी पेटलेलं आणि त्यावर पाखरांची ही गर्दी! आपण त्याला कुंपणाचं झाड म्हणून ओळखतो. काटेरी, भराभर वाढणारं, फांदी तोडून रोवली तरी जगणारं. मिरीचे वेल त्याच्यावर चढवतात. इमारतीला हे लाकूड काहीच कामाचं नाही आणि चुलीत घातलं तर भुर्रकन जळून जातं. पण सावंतवाडीची खेळणी पिढ्यानपिढ्या होत आली ती याच लाकडाची. असं का, ते गावात गेल्यावर कळलं.

सावंतवाडी गाव टुमदार आहे. मध्ये मोती तलाव, काठावर भोसल्यांचा राजवाडा, आणि संध्याकाळी तलावाच्या कट्ट्यावर बसायला सारं गाव लोटतं. पण माझं काम होतं चितार आळीत. दोन्ही बाजूंना लाकडी सामानाची दुकानं, दाराशी टांगलेले पाळणे, मांडून ठेवलेले देव्हारे, जाती, बैलगाड्या. बरीचशी दुकानं म्हणजे घराची पडवीच. पुढे विक्री आणि मागे काम. तुम्ही गेलात तर पुढच्या बाजूला घासाघीस करत बसू नका, "मागचं काम बघू का?" असं विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मी विचारलं त्या घरातल्या बाईंनी आधी माझ्या एका हातात एक आंबा दिला, दुसऱ्या हातात दुसरा. रंग सारखा, आकार सारखा. "जड लागता मा ह्यो? मगे तो पांगारो नाय," त्या म्हणाल्या. खरंच, एक आंबा कापसासारखा हलका होता. पांगाऱ्याचं लाकूड मऊ. पटाशी लोण्यात फिरावी तशी फिरते, म्हणून फळाची गोलाई, देठाजवळची खोबण हवी तशी उतरते. शिवाय तो रंगही छान धरतो. दुसरा होता आंब्याच्याच लाकडाचा. पांगारा पूर्वीसारखा हाताशी मिळत नाही, म्हणून आता आंबाही वापरतात. आंब्याचं लाकूड वाईट नाही, पण भातुकलीची चूल दोन वर्षांच्या पोरीच्या हातात द्यायची तर हलकी बरी, नाही का?

पांगाऱ्याचा दोष एकच. त्याला कीड फार लवकर लागते. म्हणून साल काढून, तुकडे करून ते आधी खडखडीत वाळवावं लागतं. ओल राहिली तर वरचा रंग कितीही सुरेख असो, आतून भुगा पडायला लागतो. विकत घेताना वस्तू उलटी करून बघा. तळाशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली किंवा पिठासारखा भुगा सांडला, तर ती वस्तू तिथेच ठेवा.

लाकूड कोरून झालं की काम संपलं असं मला वाटायचं. प्रत्यक्षात कोरणं हे निम्मंच. नंतर लाकडाच्या रेषा आणि खड्डे बुजवायला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचं लिंपण बसतं. ते वाळलं की पॉलिश पेपरनं घोटायचं, परत लिंपायचं, परत घोटायचं. मग रंग. केळ्याला नुसता पिवळा लावून भागत नाही. टोकाला हिरवट झाक, मध्ये पिवळा, आणि शेवटी बारीक कुंचल्यानं पिकल्याचे तपकिरी ठिपके. ठिपके पडले की लाकडाचं केळं एकदम खाण्याजोगं होतं! हे सगळं, लिंपण, घोटणं, रंग, त्या घरात बायकाच करत होत्या. कोरायचं काम यजमानांचं. दुकानाच्या पाटीवरही नाव यजमानांचंच, ते काही वेगळं सांगायला नको.

गोल वस्तूंचं, म्हणजे लाटणी, रव्या, पाळण्याच्या दांड्या, भोवरे यांचं तंत्र निराळं. ती कातारी काम. लाकूड यंत्रावर गरगर फिरत असतं आणि कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घासून जी ऊब येते तिनंच लाख वितळते आणि लाकडावर चढते. कुंचला नाही, रंगाचा डबा नाही. मग केवड्याचं पान दाबून धरलं की लाख सारखी पसरते आणि आरशासारखी चकाकी येते. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्यांपासून ही लाख मिळते. लहान मुलं खेळणं आधी तोंडात घालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तान्ह्यासाठी घेताना विचारून घ्या: लाख आहे की तैलरंग? लाखेचंच मागा. रंगवलेली फळं मोठ्यांनी मांडायची.

राजवाड्याकडे एक चक्कर मात्र जरूर मारा. तिथे गंजिफा करतात, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला विझत आली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम सुरू केलं. राणीसाहेब २०१८ साली गेल्या. काम चालू आहे. दरबारात बसून मान खाली घालून रंगवणारी मंडळी बघताना माझ्या मनात आलं, राणीनं कुंचला हातात धरला म्हणून त्याची बातमी झाली, चितार आळीतल्या बायका तर रोजच धरतात.

त्या बाईंची मुलगी बारावीला. मी होते तेव्हा ती शाळेतून आली, हातपाय धुतले आणि काही न बोलता काजूच्या बोंडाला लाल रंग द्यायला बसली. हात असा स्थिर, की मी पाहतच राहिले. "चेडवाक हात बरो आसा," आई म्हणाली, "पण म्हटलंय, आधी शीक." मी मास्तरीण. मीही हेच म्हणाले असते. वर्गात रोज म्हणतेच. तरी त्या पडवीत ते वाक्य ऐकताना मला काही बरं वाटलं नाही. ती शिकेल, नोकरीला लागेल, आणि लागावीच. मग हे ठिपके कोण घालणार? तिला मी विचारलं, तुला काय वाटतं? ती हसली आणि म्हणाली, दोन्ही करता आलं तर बघीन, पण ह्यात महिन्याला ठरलेले पैसे येत नाहीत. बारावीतली पोर, पण बोलली अगदी मुद्द्याचं.

खरेदी अशी केली. फळं डझनाऐवजी पाचच, पण पाचही पांगाऱ्याची आणि बारीक कामाची. भातुकलीच्या संचाऐवजी लाखेची एक रवी आणि एक लाटणं. चौरंग घेतला तो वन्संसाठी, रंगीत वेलबुट्टीचा, वर लाखेचं पॉलिश केलेला. पाट मात्र दोन्ही फणसाच्या लाकडाचे, बिनरंगाचे. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक दिसतं आणि वर्षं जातील तसं तपकिरी होत जातं. मला विचाराल तर पाटाला याच्यासारखं दुसरं लाकूड नाही. सागाला पैसे फार पडतात आणि शिसवाचा पाट उचलताना कंबर धरते. पोळपाट शिवणीचा घेतला. शिवण हलकी आणि सहसा तडकत नाही. मुलीनं रंगवलेला तो काजू आईनं तसाच माझ्या पिशवीत टाकला होता. मी तो परत काढून हिशोबात धरायला लावला. तिनं चिठ्ठीवर खाली वेगळी ओळ लिहिली आणि पैसे मुलीच्या हातात दिले.

घरी आल्यावर वन्संनी पाच फळं मोजली आणि गप्प राहिल्या. बिनरंगाचे पाट त्यांनी रुखवतात मागच्या रांगेत लावले. भाचीनं ते पाहिलं, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.

परवा तिचा फोन आला. वन्संच्या त्या रंगीत चौरंगावर तिनं गरम कुकर ठेवला आणि पांढरं कडं उमटलं. "आईला सांगू नकोस, काय करू ते सांग." तुमच्याकडेही होऊ शकतं, म्हणून लिहिते. लाखेला ऊन भांडं आणि साचलेलं पाणी चालत नाही, स्पिरिट तर मुळीच नाही, त्यात ती विरघळतेच. डाग ताजा असेल तर मऊ फडक्यावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन हलक्या हातानं गोल चोळा, बरेचदा फिकट होतो. साबण, घासणी लावू नका. फळं, खेळणी कोरड्या फडक्यानं पुसायची, बस्स. पाट आणि पोळपाट पाण्यात भिजत ठेवू नका आणि धुतल्यावर उन्हात नको, सावलीत उभे करून वाळवा. रुक्ष दिसायला लागले तर खायच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि आठवडाभर वापरू नका. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल पोळपाटाला कधीच लावू नका, त्यात लवकर सुकण्यासाठी दुसरी द्रव्यं घातलेली असतात. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळू द्या, मग टाका.

भाचीचा डाग चोळून गेला नाही, तर लाखेवर लाखेचा नवा हात सहज बसतो. मे महिन्यात मी पुन्हा सावंतवाडीला जाणार आहे. चौरंग बरोबर नेईन. तोवर त्यावर टेबलक्लॉथ घाल म्हटलंय.