लाईट घालवा म्हणालो होतो

गेली वीस वर्षं मी बातम्या लिहितोय. या वीस वर्षांत 'ब्रेक निकामी झाल्याने' हे शब्द किती वेळा लिहिले असतील, मोजलेलं नाही. घाटात ट्रक उलटला, ब्रेक निकामी. टेम्पो कठड्यावर गेला, ब्रेक निकामी. पोलीस ठाण्यात फोन लावायचा, जखमींची नावं उतरवून घ्यायची, बातमी पाठवायची आणि चहाला जायचं. ब्रेक निकामी का झाले, हे मी एकदाही विचारलं नाही. गेल्या महिन्यात माझ्याच गाडीवर ही बातमी लिहायची वेळ दुसऱ्या कुणावर तरी आली असती. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. गणपतीत गाडी घेऊन कोकणात येणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझ्याकडे २०१२ सालची एक जर्मन बनावटीची गाडी आहे. पत्रकाराकडे जर्मन गाडी कशी, म्हणून भुवया उंचावू नका. जुनी झाली की या गाड्या नव्या छोट्या गाडीपेक्षाही स्वस्तात मिळतात, आणि नंतर सुट्या भागांच्या किमतीत सगळं वसूल करतात. घेताना मी अस्सल चिपळूणकरासारखी तपासली. म्हणजे आधी खालचं कार्पेट उचलून चिखल बघितला. २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे सेकंड-हँड गाडी घेताना इंजिन नंतर, कार्पेट आधी. चिखल नव्हता. गाडी घेतली.

गेल्या वर्षी डॅशबोर्डवर ब्रेक पॅडची पिवळी लाईट लागली. दोन दिवस दुर्लक्ष केलं. मग एका मोठ्या शहरात कामासाठी गेलो होतो, तिथल्या गॅरेजमध्ये गाडी टाकली. दुपारी मीटिंग, संध्याकाळी परत निघायचं, घाई होती. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा लाईट गेलेली होती. बिल दिलं, निघालो. त्यानंतर जवळपास वर्षभर ती लाईट लागली नाही आणि मी निर्धास्त होतो.

जुलैमध्ये आईला तपासायला कराडला घेऊन गेलो होतो. येताना पाऊस, धुकं, मागच्या सीटवर आई आणि बायको. हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो, तसा पुढच्या डाव्या बाजूने आवाज यायला लागला. पत्र्यावर विळी ओढल्यासारखा. ब्रेक दाबला की आवाज, सोडला की बंद. दोन वळणांनंतर जळका वास. आई म्हणाली, "गाडी कण्हतेय का रे?" मी म्हणालो, पावसाचं होतं असं. डॅशबोर्ड बघितला. एकही लाईट नाही. मग काय, चला.

तिसऱ्या वळणावर पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं. गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरने काय शिवी दिली ते काचा बंद असल्यामुळे ऐकू आलं नाही. बायको काही बोलली नाही. नुसता आईचा हात धरला. दुसऱ्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, मी पोफळीपर्यंत आलो आणि गाडी बाजूला घेऊन माझ्या मेकॅनिक मित्राला फोन केला.

तो आला, चाक काढलं, टॉर्च मारला आणि मला म्हणाला, "या पत्रकार, तुमच्यासाठी बातमी आहे." आतल्या बाजूच्या पॅडवर मसाला उरलाच नव्हता. नुसती लोखंडी पाटी डिस्कवर घासत होती आणि डिस्कवर नांगरटीसारख्या रेघा पडल्या होत्या. पण त्याला दाखवायचं होतं ते वेगळंच. सेन्सरची वायर मध्येच कापलेली होती. तिच्यातल्या दोन तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली.

हे काय प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो. ब्रेक पॅडचा सेन्सर म्हणजे फार मोठं यंत्र नव्हे. प्लास्टिकचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि त्यात तारेचा एक वळसा. तो पॅडच्या खाचेत बसतो. नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो. झिजत झिजत तो तीनेक मिलिमीटरवर आला की सेन्सरचं टोक फिरत्या डिस्कला लागतं, आतली तार घासून तुटते, सर्किट तुटतं आणि लाईट लागते. काही गाड्यांत उलटं असतं, तार डिस्कला टेकून सर्किट पूर्ण होतं. आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत वायरबियर काही नसते. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते, ती डिस्कला लागली की चिरकते. ते चिरकणं म्हणजे बिघाड नाही, निरोप आहे.

माझ्या गाडीत दोन तारा जोडून टाकल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला सर्किट सलग दिसत होतं. म्हणजे त्याच्या लेखी पॅड नवेकोरे. पॅड उद्या पडून गेले असते तरी लाईट लागली नसती.

मी त्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो. फोन करून झापायचं ठरवलं. त्यासाठी जुनं बिल शोधून काढलं, आणि बिल वाचून गप्प बसलो. त्यावर लिहिलं होतं: ब्रेक वॉर्निंग लाईट बंद करणे. पॅड बदलल्याचा उल्लेखच नव्हता. मग आठवलं. त्या दिवशी घाईत मीच म्हणालो होतो, "ती लाईट तेवढी घालवा हो, डोळ्यात खुपते." पॅड बघा असं मी म्हणालोच नव्हतो. त्याने चुकीचंच केलं, त्यात शंका नाही. मला सांगायला हवं होतं. पण मी जे मागितलं, तेच त्याने दिलं.

मित्राने दोन्ही पुढच्या डिस्क आणि पॅड बदलून दिले. सेन्सर मात्र बाहेरून मागवावे लागले, आठवडा गेला. पुढच्या डाव्या चाकाचा एक आणि मागच्या उजव्या चाकाचा एक, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. म्हटलं, हे मी स्वतः बसवणार. मित्र हसला, पण रविवारी येऊन खुर्ची टाकून बसला.

अंगणात सपाट जागा बघितली. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक लावला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही, हे मित्राने तीनदा बजावलं, आणि खाली घोडी लावल्याशिवाय पाना हातात दिला नाही. कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढले. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने वर बांधून ठेवायचा. ब्रेकची काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

जुन्या सेन्सरचं उरलेलं टोक खाचेतून काढलं. नवा त्याच खाचेत दाबला, टक् करून बसला. मग त्याची वायर होजच्या कडेने, मूळच्या क्लिपांमधून नेत मडगार्डच्या आतल्या छोट्या डबीपर्यंत. नशीब एवढंच, की टेपवाल्याने सेन्सरच्या बाजूची वायर कापली होती, गाडीची नाही. त्यामुळे नवा प्लग सरळ बसला. वायर ताणलेली नको आणि चाकाला लागणारी पण नको, म्हणून नववीतल्या पोराला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायला लावलं आणि खाली वाकून बघितलं. मागच्या उजव्या चाकाचंही असंच केलं. ज्यांच्या गाडीला बटणाचा हँडब्रेक आहे, त्यांनी मात्र मागच्या चाकाच्या वाटेला घरी जाऊ नये. त्याला आधी सर्व्हिस मोडमध्ये घालावं लागतं, नाहीतर मोटर तुटते.

सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पॅडल चार-पाच वेळा दाबून घ्यायचं, कडक होईपर्यंत. काम करताना पिस्टन मागे सरकतो आणि पहिलं पॅडल थेट खाली जातं. हे विसरलेला माणूस गेटलाच धडकतो, असं मित्र म्हणाला. अनुभवाने म्हणाला असावा.

शेवटी त्याने एक गोष्ट करायला लावली. इग्निशन ऑन करून सेन्सरचा प्लग काढायला सांगितलं. काढला. डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागली. प्लग परत लावला, मीटरवरून रीसेट केलं. गेली. पोरगा म्हणाला, "बाबा, लाईट लागली म्हणून खूश काय होताय?" खरंच झालो होतो. वर्षभरानंतर माझी गाडी माझ्याशी खरं बोलली होती.

तरी मित्राने जाताना सुनावलंच. "लाईटवर विसंबू नका. सेन्सर दोनच चाकांना आहे. बाकी दोन चाकांत पिन अडकून पॅड संपला तर तो बोलणार नाही. ऑइल जुनं झालंय हे पण तो सांगणार नाही." ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल रिकामं जातं. आमच्या बातमीतलं 'ब्रेक निकामी' बऱ्याचदा हे असतं. ते त्या क्षणी होत नाही. महिनोन्महिने होत असतं, त्या वळणावर फक्त कळतं.

आता सार्वजनिक मुद्दा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ट्रक, बस, टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी आहे. ती कशी होते हा वेगळा विषय. पण आपल्या खासगी गाडीला १५ वर्षांत ब्रेक तपासून घेण्याची सक्ती नाही. पीयूसी नसेल तर पावती फाडतात. धूर तपासायची सोय आहे, थांबण्याची नाही. आणि सणासुदीला याच गाड्या हजारोंनी घाट उतरतात, टपावर सामान, आत सहा माणसं.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातातलं एवढं करू.

एक, निघायच्या आधी चाकाच्या जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारा. बाहेरचा पॅड बऱ्याच गाड्यांत दिसतो. पण माझा संपला होता तो आतला, म्हणून चारही चाकं काढून आतले पॅडही बघून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

दोन, गॅरेजमध्ये 'लाईट घालवा', 'आवाज घालवा' असं म्हणू नका. 'पॅड किती मिलिमीटर राहिलेत ते दाखवा' म्हणा. काढलेले जुने पार्ट बघायला मागा.

तीन, घाट ज्या गिअरने चढता, त्याच गिअरने उतरा. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

आणि चौथी गोष्ट माझ्यासाठी. यापुढे 'ब्रेक निकामी' एवढंच लिहून बातमी संपवणार नाही. गाडीची फिटनेस कधीपर्यंत होती, शेवटचं ब्रेकचं काम कधी झालं, मालकाने ड्रायव्हरच्या तक्रारीवर काय केलं, हे विचारीन. उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर मिळालं नाही' असं लिहीन. गणपतीच्या बंदोबस्तात घाटमाथ्यावर गाड्या थांबवतातच, तिथे कागदांबरोबर ब्रेकही बघावेत, असं लेखी पत्र या आठवड्यात परिवहन कार्यालयाला देतोय. कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा.

ती काळी टेप मी टाकून दिलेली नाही. टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवली आहे. आईला अजून खरं सांगितलेलं नाही. ती समजते, पावसाचंच होतं.

सावकाश या. बाप्पा वाट बघतो, पळून जात नाही.