गप्प कुठे बसायचं?

रविवारची संध्याकाळ. ऑडिशनला आलेल्या होतकरू हीरो-हिरॉइन्सच्या गर्दीतून वाट काढत मी वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या एका छोट्याशा स्टुडिओत पोचले. जॅझचा कार्यक्रम होता आणि मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. त्यात वादक फक्त दोन. एक पियानोवाली, एक क्लॅरिनेटवाला. ना ड्रम्स, ना गिटार. म्हटलं, दीड तास काढायचा कसा?

पण बॉस, नंतर मी खुर्चीतून हललेच नाही!

क्लॅरिनेटवाल्याला श्वास घ्यावा लागतो, पियानोला नाही. मनात आणलं तर ती दहा बोटं न थांबता बोलू शकतात. म्हणजे आपण कुठे गप्प बसायचं, हे पियानोवालीनंच ठरवायचं. तो श्वासाला थांबला की ती नेमके दोन सूर टाकायची आणि बाजूला व्हायची. मध्यंतरात तिनं आणखी एक गंमत सांगितली. क्लॅरिनेटच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो, तेव्हा तो पियानोवरचा 'बी फ्लॅट' असतो. कागद वेगवेगळे, ऐकू येतो तो सूर एकच!

तिनंच बेनी गुडमन आणि टेडी विल्सनबद्दल सांगितलं. गुडमन क्लॅरिनेटवाला, गोरा. विल्सन पियानोवाला, काळा. १९३५मध्ये ड्रमर जीन क्रुपाला घेऊन त्यांनी एकत्र रेकॉर्डिंग केलं आणि पुढच्याच वर्षी शिकागोत लोकांसमोर वाजवलं. वर्णभेदाच्या त्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. "रेकॉर्डवर चेहरा दिसत नाही ना," ती म्हणाली, "स्टेजवर शेजारी बसवायला जिगर लागते."

हे वाक्य मला जरा लागलंच. कारण माझीही एक जोडी होती. शब्द माझे, फोटो माझ्या मैत्रिणीचे. तीन वर्षं आम्ही दोघींनी स्कूटरवरून मुंबई पालथी घातली. मग कोळीवाड्यावरची आमची मोठी स्टोरी छापून आली. माझं नाव वर, ठळक टायपात. तिचं कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. खरं तर कोळणींशी ओळखी तिच्या आणि पहाटे साडेचारला बंदरावर जायची आयडियाही तिचीच. "तू एक फोन तरी करायचास," ती म्हणाली. "लेआउट माझ्या हातात असतो का?" मी म्हटलं. झालं! आठ महिने बोलणं बंद.

घरी येऊन बाबांना फोन लावला. बाबा म्हणजे सी. रामचंद्रांचे कट्टर भक्त. "अगं, गुडमन-बिडमन राहू दे. आपल्या अण्णांची जोडी ऐक आधी!"

मग रात्रभर तेच. रामचंद्र चितळकर, जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियम वाजवलेले. आणि दुसरे अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. सगळे ओळखायचे चिक चॉकलेट म्हणून. ताजमध्ये त्यांचा बँड होता आणि ट्रम्पेट अशी, की लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

त्या काळी बरेच संगीतकार चाल गाऊन दाखवायचे. ती पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरवून वादकांपुढे ठेवायचं काम बहुतेकदा गोव्याच्या मंडळींचं. चर्चच्या शाळेत ते लहानपणीच नोटेशन शिकलेले असत. चिक अण्णांचे सहायक होते. १९५१च्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' एकदा हेडफोन लावून ऐका. बोंगो, ट्रम्पेट आणि हो, क्लॅरिनेटसुद्धा! पुणतांब्याची चाल आणि ताजमधला जॅझ यांचा सांधा शोधून सापडत नाही.

या गोवेकर वादकांची नावं पडद्यावर क्वचितच आली. संगीतकार एकच, बाकी सगळे 'ऑर्केस्ट्रा'. पण 'अलबेला'तल्याच एका गाण्यात भगवानदादांच्या मागे झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला एक बँड दिसतो ना? ते चिक आणि त्यांची पोरं! इतकी वर्षं ते गाणं पाहिलं, पण माझी नजर कधी भगवानदादांवरून हललीच नव्हती. चिक १९६७मध्ये गेले. आपण आजही त्यांच्या सुरांवर नाचतो आणि नाव मात्र माहीत नसतं.

पहाटेपर्यंत एवढंच कळलं, की जोडीत कुठे गप्प बसायचं हे ज्याला कळतं, तो खरा वादक. मी तर नको तिथे गप्प बसले होते. लेआउट माझ्या हातात नव्हता, मान्य. फोन तर होता!

सोमवारी सकाळी आधी संपादकांना फोन केला. स्टोरीच्या ऑनलाइन आवृत्तीत आता आमची दोघींची नावं एका ओळीत, एकाच टायपात आहेत. तिचं आधी. पाच मिनिटांचं काम होतं. त्याला मी आठ महिने लावले.

मग तिला 'अलबेला'तलं ते गाणं पाठवलं. खाली लिहिलं, "मागचा बँड बघ. सॉरी."

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही. ठीक आहे, श्वास घेत असेल. या वेळी मी थांबते.