पिल्लाचं पोट आणि पिशवीची पाठ

तान्हं मूल आणि कुत्र्याचं पिल्लू यांना काय खाऊ घालावं, याबद्दल ज्याला काहीच सांगायचं नाही असा मनुष्य वर्धा जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. मुलाच्या बाबतीत निदान त्याच्या आईचा थोडा मुलाहिजा ठेवून लोक बोलतात. पिल्लाची आई हजर नसते. त्यामुळे सल्ल्याला काही धरबंधच राहत नाही.

आमच्या घरी पिल्लू आलं ते नागपूरहून, चिरंजीवांच्या मांडीवर बसून. दोन महिन्यांचं लॅब्रॅडोर. चिरंजीवांनी त्याचं नाव ‘ब्रूनो’ ठेवलं होतं. आमच्या आईनं पहिल्याच संध्याकाळी त्याचा ‘मोत्या’ करून टाकला. आठ दिवसांत चिरंजीव नोकरीच्या गावी पुण्याला परत गेले आणि जाताना मोत्या, एक स्टीलची वाटी आणि खाण्याची एक लहानशी पिशवी आमच्या पदरात टाकून गेले. दारातून म्हणाले, “बाबा, ही संपली की चांगलंसं पपी फूड आणा.”

‘चांगलंसं’ हा शब्द फार फसवा. ‘चांगलंसं स्थळ बघा’ म्हणणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. शोधणाऱ्याच्या चपला झिजतात.

सल्ले मात्र न शोधता घरपोच आले. दूधवाला म्हणाला, “मास्तर, निरं दूध पाजा जी पोट्ट्याले. महिन्याभरात घोडा होते का नाही पाहा.” (या सल्ल्यात लिटरमागे किती नफा होता तो हिशेब मी मनातच केला. शिवाय दूध तोडलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही आणि त्याचा निकाल आपल्या अंगणात लागतो.) शेजारचे काकाजी रोज सकाळी फाटकाशी उभे राहून अंड्याचं माहात्म्य सांगू लागले. धुण्याभांड्याच्या बाई म्हणाल्या, “कायले पैसे घालून राहिले जी? आमच्या गावचे कुत्रे कण्या-भाकर खाऊन वाघावानी झाले.” आणि आईचं तर पहिल्यापासून एकच मत होतं, की पोळी तूप लावून दिली की जगातला कुठलाही प्राणी सुधारतो. मी त्याचा जिवंत पुरावा आहे.

खरं म्हणजे यात नवल काहीच नाही. वर्धा हे आहाराच्या प्रयोगांचं जुनं गाव. गांधीजी १९३४ साली इथे आले, मगनवाडीत राहिले आणि १९३५ साली तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले. ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही. हातसडीचा तांदूळ की गिरणीचा, कच्चा पाला किती आणि शिजवलेला किती, यावर या गावात जितका गंभीर विचार झाला तितका इतर गावांत लग्नाच्या जेवणावरही झाला नसेल. ज्या गावात माणसं ताटातला प्रत्येक पदार्थ तपासून खात, तिथे कुत्र्याची पिशवी न तपासता आणणं मला प्रशस्त वाटेना. शिवाय अस्मादिक छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. आकडे दिसले की आमचा चष्मा आपोआप नाकावर येतो.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे विशीतला तरुण. “पेडिग्री द्या,” मी म्हणालो. आमच्याकडे हा शब्द वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावं तसा रुळलाय. पिशवी कोणाचीही असो, ती पेडिग्रीच. नंतर कळलं, की ते नाव ज्या मार्स कंपनीचं आहे ती मुळात चॉकलेटवाली. आणि चॉकलेट हे तर कुत्र्याला विष! एका हातानं चॉकलेट आणि दुसऱ्या हातानं कुत्र्याचं जेवण विकणं, ही समतोल बुद्धी व्यापाऱ्यालाच असू शकते.

तरुणानं मला भिंतीसमोर उभं केलं. खालपासून वरपर्यंत पिशव्या. प्रत्येक पिशवीवर एक कुत्रा, आणि प्रत्येक कुत्रा असा तुकतुकीत की मला माझ्या लग्नातला फोटो आठवून वाईट वाटलं. लहान जातीच्या पिल्लासाठी, मोठ्या जातीच्या पिल्लासाठी, कोंबडीचं, मेंढीचं, शाकाहारी, दाणेदार, रसदार. हा सगळा पसारा सुरू केला जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं, १८६०च्या सुमारास, लंडनमध्ये. हा मूळचा विजांच्या दांड्या विकणारा. गोदीवर भटकी कुत्री जहाजावरची कडक बिस्किटं चघळताना त्याला दिसली आणि त्यानं गहू, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. आपण बघतो ते कुत्र्याला बिस्किट. त्याला त्यात दुकान दिसलं.

“सर, कोणती देऊ?” तरुणानं विचारलं. मी म्हणालो, “थांब. आधी मागची बाजू दाखव.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की नवरी पाहायला येऊन मी तिची जन्मतारीख विचारली आहे.

पण वाचकहो, पिशवीचं खरं बोलणं पाठीवरच असतं. पुढच्या बाजूला ‘निरोगी वाढ’, ‘चमकदार केस’ वगैरे आशीर्वाद असतात. आशीर्वादाला वजनमाप नसतं. मागे बारीक अक्षरात प्रथिनं किती, स्निग्धांश किती, कॅल्शियम किती, ओलावा किती हे लिहिलेलं असतं. अमेरिकेतले चालू प्रमाण असं, की पाण्याचा अंश वगळून पिल्लाच्या अन्नात निदान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश असावा. मोठ्या कुत्र्याला १८ आणि ५.५ टक्के पुरतात. म्हणजे मोठ्यांची पिशवी स्वस्तात मिळाली म्हणून पिल्लाला घालणं हे दहावीच्या मुलाला तिसरीचं पुस्तक देण्यासारखं.

‘क्रूड प्रोटीन’ म्हणजे ओबडधोबड प्रथिनं नव्हेत, हेही तेव्हाच वाचलं. अन्नातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. उत्तर येतं ते क्रूड प्रोटीन. गुणाकार बरोबर, पण तो नायट्रोजन कोंबडीतून आला की पिसांतून, हे गुणाकाराला कळत नाही. त्यासाठी घटकांची यादी वाचायची. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. एका पिशवीवर मका पहिला, मग सोयाबीनची ढेप, आणि ज्या कोंबडीचं चित्र पुढे एवढं मोठं छापलंय ती बिचारी भाऊगर्दीत मागे उभी! सोयाबीन पाहून मात्र बरं वाटलं. गांधीजींनी ज्याचे प्रयोग केले ते पीक आज जिल्ह्यात कापसाच्या जोडीला सगळीकडे उभं असतं. त्याचं तेल माणसाला आणि ढेप जनावराला. कोण जाणे, समुद्रपूरच्या शेतातलं सोयाबीन परदेशी कुत्र्याचा फोटो लावून परत आलं असेल.

तेवढ्यात तरुणानं रसदार पाकीट पुढे केलं. “सर, हे ट्राय करा. पपीला खूप आवडते.” मी पाठ वाचली: प्रथिनं ८ टक्के. “यात तर काहीच नाही,” असं कोणीही म्हणालं असतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. हे तर गवळ्याच्या दुधातल्या पाण्याचं गणित! पाकिटात पाणी ८० टक्के. म्हणजे शंभरात कोरडा भाग २०. त्यातले ८ म्हणजे ४० टक्के. दाणेदार पिशवीत पाणी दहाच टक्के आणि प्रथिनं २७. म्हणजे नव्वदात २७, अर्थात ३० टक्के. दोन्ही भरपूर. प्रश्न एवढाच, की रसदार पाकिटात आपण ८० टक्के पाणी विकत घेतो. आणि वर्ध्यात उन्हाळ्यात पाण्याचे हाल असले तरी ते या भावानं घ्यावं इतके नाहीत. हे गणित मी त्या मुलाला बिलाच्या मागे करून दाखवलं. गिऱ्हाइकं वाढत होती. तो म्हणाला, “सर, तुम्ही डॉक्टरांना का नाही विचारत?”

हा मात्र सगळ्या सल्ल्यांत एकच कामाचा सल्ला निघाला.

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं. पायाशी सहा-सात महिन्यांचा अल्सेशियन. तोंडानं राजबिंडा, पण पुढचे दोन्ही पाय मनगटापासून बाहेर वाकलेले. उभा राहिला की दोन कंस उभे राहिल्यासारखे दिसत. मोत्यानं त्याच्याशी खेळायला झेप घेतली. तो दोन पावलं आला आणि कण्हून खाली बसला. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “काय काय देत होता?” नवरा घडाघडा सांगू लागला. पिल्लांचं उत्तम पिशवीतलं खाणं, त्यावर कॅल्शियमचं औषध दोन वेळा, वर हाडांची भुकटी, दूध आणि अंडी. “हाडं मजबूत व्हावी म्हणून, सर.” काहीही कमी पडू दिलं नव्हतं त्यांनी.

मग डॉक्टरांनी त्यांना आणि आम्हालाही समजावलं. मोठं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातूनच परत पाठवतं. लहान पिल्लाला ती अक्कल अजून आलेली नसते. दाराशी येईल ते सगळं आत घेतं. मोठ्या जातीचं पिल्लू आधीच झपाट्यानं वाढत असतं. त्यात जादा कॅल्शियम पडलं की हाडांची घडणच बिघडते. हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं गेलंय. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांच्या अन्नात कॅल्शियम निदान १.२ टक्के लागतंच, पण १.८च्या वर जाऊ द्यायचं नाही. पिशवी ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ आणि ‘संपूर्ण आहार’ म्हणणारी असेल तर तिच्यावर औषधाचा थेंबही नको. “पिल्लाला लवकर मोठं करायचं नसतं हो,” डॉक्टर म्हणाले. “ते मोठं होणारच असतं.”

त्या जोडप्याला त्यांनी औषध आणि भुकटी बंद करायला लावली, फोटो काढायला पाठवलं, आणि लवकर आलात, अजून वाढ बाकी आहे, असा धीर दिला. आमच्याकडे वळून म्हणाले, “लॅब्रॅडोर ना? मग तुमचा शत्रू वेगळा. तुमचा शत्रू प्रेम.” अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं आणि जन्मभर तसंच ठेवलं. २००२ साली निकाल छापला. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा आलं. “म्हणजे अर्धपोटी?” मी धसकून विचारलं. “नाही हो,” डॉक्टर हसले, “पाऊणपोटी.”

मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे पिशवी आणली. कोंबडीची होती. आईनं ठिपका पाहिला आणि ती स्वयंपाकघरात येणार नाही असा ठराव मंजूर केला. शाकाहारी पिशवी का नाही, असाही प्रश्न आला. डॉक्टरांचं म्हणणं, मांजराचं जमत नाही, कुत्र्याचं जमू शकतं, पण वाढीचं वय आहे, तोवर राहू द्या. पोळी मात्र त्याला पचते. लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिठूळ अन्न पचवायची सोय शरीरातच जास्त आहे, असं २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. धुण्याभांड्याच्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मी काय म्हणत होती मंग?”

पिशवी जिन्याखाली गेली. वर्ध्याचा मे महिना म्हणजे पारा ४६ला टेकतो. उघड्या पिशवीतलं तेल त्यात खवट व्हायला वेळ लागत नाही, आणि मुंग्यांना तर आमंत्रणही लागत नाही. म्हणून मोठी पिशवी स्वस्त पडली तरी महिन्याभरात संपेल तेवढीच घ्यायची, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, आणि पोत्यातून सुटं विकतात ते घ्यायचं नाही. त्याला पाठच नसते, तर वाचणार काय? जुन्या पिशवीवरून नव्या पिशवीवर जातानाही एकदम उडी नाही. पाव भाग, अर्धा, पाऊण, असं करत आठ-दहा दिवस. आणि तक्त्यातला आकडा दिवसाचा असतो, एका जेवणाचा नव्हे. चार महिन्यांपर्यंत तो चार वेळा वाटायचा, मग तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा.

आईनं माप म्हणून तिचं जुनं मापटं काढलं होतं. मी काटा आणला. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. मग माझ्या लक्षात आलं, की आई मापट्यानं कमी आणि हातानं जास्त देते, आणि तो हात काट्यावर ठेवता येत नाही. शेवटी तोडगा निघाला. आईनं पोळीचा एक पापुद्रा द्यायचा, तूप न लावता. आणि मी तेवढे दाणे काढून ठेवायचे. कांदा घातलेले पोहे, द्राक्षं, प्रसादातले मनुके आणि पाहुण्यांसाठी आणलेला गोरसपाक, यांवर मात्र पूर्ण बंदी. पहिले तीन त्याच्या जिवाला अपाय करतात, चौथ्यानं फक्त वजन वाढतं. चौथ्याची बंदी त्याला कळलेली नाही.

आता मोत्या दहा महिन्यांचा झाला. २६ किलोचा आहे. पाय सरळ, पळतो वाऱ्यासारखा. रस्त्यानं नेलं की काकाजी हटकतात, “मास्तर, पेन्शन बंद झाली का जी? पोट्टं वाळून राहिलं ना!” आईला ते शब्द टोचतात. मी तिला डॉक्टरांची कसोटी दाखवली आहे: बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत. रोज संध्याकाळी ती मोत्याच्या कुशीवरून हात फिरवते, लागल्या म्हणते, आणि थोडीशी नाराज होऊन हात धुवायला जाते.

परवा सौ.नं तीच कसोटी गमतीनं माझ्यावर लावून पाहिली. बराच वेळ शोधलं. लागल्या नाहीत. त्या दिवसापासून घरात दोघांना मोजून मिळतं. फरक एवढाच, की त्याचा तक्ता पिशवीच्या पाठीवर छापलेला आहे, त्यामुळे तो दाखवून भांडता तरी येतं.