वाटा अनेक, क्रम एक

भार एका वाटेस पेलेनासा झाला म्हणजे तो अनेक वाटांवर वांटून द्यावा लागतो, हें साधें व्यवहारज्ञान आहे. आमच्या धडगांवच्या बाजारास सातपुड्यांतील पाड्यापाड्यांतून आमचुराचीं पोतीं निरनिराळ्या पायवाटांनीं येतात. कोणतें पोतें आधीं आलें व कोणतें मागून, यामुळें आमचुराची चव पालटत नाहीं. संदेशाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें क्रमावांचून अर्थच उरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ‘धडगांव’ या नांवाचीं चार अक्षरें चार तारांवरून एकेक अशीं पाठविलीं, असें समजा. पलीकडच्या टोंकास दुसऱ्या व तिसऱ्या तारेची अदलाबदल झाली, तर वाचणारा ‘धगांडव’ असें वाचील. एकहि अक्षर गळलें नाहीं, एकहि पुसट झालें नाहीं; तरी गांव मात्र हरवलें! प्रत्येक तार निरनिराळी तपासली तर ती निर्दोषच ठरेल. दोष तारांच्या परस्परसंबंधांत असल्यामुळें तो लवकर सांपडत नाहीं.

दुसरी अडचण वेळेची. कांचेच्या तंतूंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर धांवतो. एका मार्गावरून सेकंदास २५ अब्ज अंक सोडले, तर लागोपाठच्या दोन अंकांमध्यें अवघें ८ मिलिमीटर अंतर पडतें. म्हणजे दोन तंतूंच्या लांबींत बोटाच्या रुंदीएवढा फरक राहिला तरी एकाचा अंक दुसऱ्याच्या मागें पडतो.

या दोन्ही अडचणींवर योजलेला उपाय मला फार मार्मिक वाटतो. सेकंदास १०० अब्ज अंक वाहणाऱ्या इथरनेटचें मानक २०१० सालीं मान्य झालें. त्यांत संदेश २० मार्गिकांत वांटतात व प्रत्येक मार्गिकेंत १६,३८३ गठ्ठ्यांनंतर तिची स्वतःची खूण घालतात. घेणारें यंत्र, ‘तूं कोणत्या दारानें आलास?’ असें विचारीत नाहीं. तें खूण वाचून मार्गिकेचा क्रम ठरवितें. शिवाय जी मार्गिका लवकर पोंचली तिचे अंक सांठवून ठेवितें, आणि सर्वांत मागची खूण आली म्हणजे सर्वांस एकदम पुढें सोडितें.

आपल्या महाराष्ट्रांतहि याच जातीचें कार्य मोठ्या प्रमाणावर चालतें. पुणें जिल्ह्यांतील खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकीं १४ मध्यभागीं असून १६ तीन भुजांवर सुमारें २५ किलोमीटरच्या विस्तारांत पसरल्या आहेत. त्यांचे संकेत प्रकाशतंतूंनीं मध्यवर्ती इमारतींत येतात. तेथें प्रत्येकाचा विलंब मोजून भरून काढतात व मगच तबकड्यांच्या ४३५ जोड्या जुळवितात. दोन तबकड्यांचीं नांवें उलटसुलट झालीं, तर संकेत खरे असूनहि आकाशाचें चित्र खोटें उमटेल.

हें वाचतांना मला माझ्या धाकट्या भावाची आठवण होते. आम्ही दूरच्या पाड्यावरचे. पावसाळ्यांत नाल्याचें पाणी ओसरेपर्यंत तो कांठावर थांबे व शाळेंत उशिरा पोंचे. त्याची बुद्धि मंद नव्हती. वाट लांब होती. पुढें त्याचें नांव पटावरून गेलें आणि त्याचें शिक्षण चौथीवरच थांबलें.

कोणी म्हणेल, एकासाठीं सर्वांनीं किती थांबावें? हा प्रश्न यंत्रासहि असतो. त्याची सांठवण अमर्याद नसते. विलंब तिच्यापलीकडे गेला तर जोडणीच तुटते. म्हणून जाणता रचनाकार प्रथम सर्वांत लांब वाट किती, हें पाहतो आणि मग तिला पुरेल एवढी सांठवण ठेवितो. जवळच्या वाटेवरून माप घेऊन दूरच्यास दोष देणें ही रचना नव्हे.

पालकहो व गुरुजनहो, ज्या वर्गांत मुलें अनेक पाड्यांवरून व अनेक बोलींतून येतात, तेथें आपणहि पहिलें माप सर्वांत लांबच्या वाटेचें घ्यावें. लवकर आलेल्यांस क्षणभर थांबावें लागेल, हें खरें; परंतु त्यांच्याजवळचा संदेशहि मागच्यावांचून अपुराच असतो.